गाडी बिघडवायची रीत

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं नाही म्हणून मी लिहीत नाही, माझं काम आहे म्हणून लिहिते. फोनच करणार होते. पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला हळू बोलता येत नाही. माझं गुपित सगळ्या आळीला कळतं, तुला तेवढं कळत नाही. म्हणून दवाखान्याच्या धुलाईखान्यात बसून लिहितेय, चादरी यंत्रात फिरताहेत तेवढ्यात. उत्तरसुद्धा इथल्याच पत्त्यावर पाठव. घरी पाठवलंस तर ह्यांच्या हातात पडेल, आणि मग बहीण होती असं सांगत फिरावं लागेल तुला.

तर ऐक. थंडी सरली. खिंडीतलं बर्फ उतरायला लागलंय, महिना-दीड महिन्यात रस्ता उघडेल म्हणतात. आणि आमच्या शिंपीबुवांनी तुझी ती मोटरसायकल मागच्या पडवीतून ढकलत आणून पुढच्या खोलीत उभी केलीय. खाली माझी चादर, शेजारी माझी परात, परातीत नटबोल्ट. मी जेवायला बसले की समोर ती. रस्ता उघडेल त्या दिवशी पहिली गाडी आपली, असं त्यांनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय. एकटे येणार म्हणे, खिंड ओलांडून थेट तुझ्या दारात.

मागच्या हंगामात काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. उताराच्या वळणावर पडले आणि गळ्याखालचं हाड मोडलं. जगाच्या सदऱ्यांना बटणं लावणारा माणूस, त्याच्या सदऱ्याची बटणं सगळा हिवाळा मी लावली. कसे पडलात विचारलं तर कुत्रं आडवं आलं. बरं, आलं असेल. पण ते कुत्रं एकदा काळं असतं, एकदा तांबडं. परवा तर ठिपक्याचं होतं.

गाडी मिस्त्रीकडे न्या म्हटलं तर तेही नाही. ह्यांनी शिवलेली पँट आखूड झाली असं मिस्त्री चारचौघांत बोलला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मग गाडीची दुरुस्ती घरीच. आणि ती कशी, तर शिलाईयंत्राची करतात तशी. चेनला शिलाईयंत्राचं तेल, त्या चोचीच्या डबीतून, थेंब थेंब, मान तिरकी करून. मी म्हटलं, अहो, हिला काय झालर लावायचीय का? तर तीन दिवस अबोला.

दादा, मला ह्यांना जाऊ द्यायचं नाही. पुन्हा हाड मोडलं तर मोडलं, पण हाडावरच भागेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. भांडून बघितलं, गोड बोलून बघितलं. गोड बोलणं मला जमत नाही, ते घाबरले आणि डॉक्टरला बोलावू का विचारायला लागले. तेव्हा आता एकच. गाडी सुरूच होता कामा नये. मोडायची नाही, फोडायची नाही, ह्यांना कळायचं नाही, पण किक मारून मारून पाय दुखला पाहिजे. कशी बिघडवायची ते लिही. दर गुरुवारी हे शाळेत गणवेशांची मापं घ्यायला जातात, तेवढी दुपार मला मोकळी. लॉरी सोडलीस तेव्हा हे धूड आमच्या गळ्यात तूच बांधलंस. त्यापेक्षा मला एक कपाट दिलं असतंस, तर आज सगळ्यांची हाडं जागच्या जागी असती.

वहिनीला नमस्कार. तिला हे वाचू देऊ नकोस, हसेल. लोभ असू दे, पण उत्तर त्याच्याआधी असू दे.

तुझी,
मिरी


१० मार्च

चि. मिरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कोपऱ्याला साबणाचा वास होता आणि मधल्या मजकुराला वाफेचा चटका. तू लहानपणी शेजारच्यांच्या कोंबड्या कोंडून ठेवायचीस, आता नवऱ्याला कोंडायला निघालीस. माणूस वाढतो, खोड तेवढीच राहते.

मोठा भाऊ म्हणून मी तुला रागवायला हवं. ते झालं असं समज. आता कामाचं.

बिघडवणं हेसुद्धा दुरुस्तीसारखंच नीट करावं लागतं. अर्धवट बिघडवलेली गाडी कधी दगा देईल आणि चालू होईल, सांगता येत नाही. तेव्हा मी सांगतो त्याच क्रमाने, घाई न करता. घाई तुझ्या रक्तात आहे म्हणून मुद्दाम लिहितो.

पहिल्या गुरुवारी प्लग. इंजिनाच्या डोक्यावर टोपी घातलेला असतो तो. टोपी उपट, पान्याने प्लग काढ. काळा पडलेला असेल. काळा प्लग म्हणजे आगीला सरावलेला प्लग. त्याला बारीक कागदाने घासून इतका चकचकीत कर की त्याला आग लावायची लाज वाटली पाहिजे. मग जसा होता तसा घट्ट बसव.

दुसऱ्या गुरुवारी इंजिनातलं ऑइल. खालचा बोल्ट सोड आणि सगळं काळं तेल परातीत उतरव. तेल जितकं जुनं तितकं मुरलेलं, सगळी ताकद त्यातच असते. ती काढून घ्यायची. बदल्यात मी पाठवतो ते नवं पिवळं तेल भर. ते कोरं, अननुभवी. गाडी गोंधळून जाईल. लांबच्या रस्त्याने जी बस येते तिचा ड्रायव्हर माझा जुना सोबती आहे, त्याच्याकडून डबा घे.

त्याच दिवशी चेन. शिलाईयंत्राचं तेल रॉकेलने धुऊन काढ, ब्रश मार, आणि दाट ग्रीस चोळ. चेन जड झाली की चाक आळसावतं. मधोमध बोटाने दाबलीस तर दोन बोटं खाली जावी, एवढी ढिली ठेव. कमी नाही, जास्त नाही.

आणि किक मारून बघायची नाही. आपण बिघडवलेली गाडी आपणच तपासणं बरं दिसत नाही.

दाजींना नमस्कार सांगू नकोस, संशय येईल. माया आहे तशीच आहे.

तुझा,
दादा

ता. क. – मी पत्र वाचलं. हसले. तुझ्या दादाच्या डोळ्यांत आज जी चमक आहे ती मला आवडली नाही, जपून राहा. – वहिनी


२० मार्च

ती. दादांना,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण की, आनंदाची वार्ता आपणांस प्रथम कळवावी असे वाटले. आपण कृपापूर्वक दिलेले वाहन यंदा असे काही उत्तम चालू झाले आहे की मी स्वतः चकित आहे. काल सायंकाळी सहज म्हणून किक मारली, तो पहिल्याच किकेला इंजिन बोलू लागले. आवाज कसा, तर नव्या कात्रीने तलम कापड कापावे तसा. गेल्या सालापर्यंत खोकत होते. याचे श्रेय शिलाईयंत्राच्या तेलाला आहे. मिस्त्री लोकांना हे कधी सुचायचे नाही, कारण त्यांना हात आहेत पण बोटे नाहीत.

आपल्या भगिनीची प्रकृती ठीक आहे. मात्र वागणे बदलले आहे. हल्ली गुरुवारी मी शाळेत गणवेशांची मापे घ्यायला निघालो की स्वतः छत्री हातात देते आणि सावकाश या म्हणते. लग्नाला इतकी वर्षे झाली, सावकाश हा शब्द तिच्या तोंडी मी प्रथमच ऐकला. तिची नखेही काळी दिसतात. विचारले तर बॉयलरची काजळी म्हणते. काल गाडी चालू झाली तेव्हा तिच्या हातून बशी पडली. आनंदाने असेल.

दादा, मनातले लिहितो. मागच्या वर्षी प्लॅस्टर काढले त्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइके असताना ती म्हणाली, तुमचे आता गाडीवर बसायचे वय नाही, स्टुलावर बसायचे आहे. तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. पण तेव्हापासून स्टूल टोचते. खिंड एकट्याने ओलांडून आपल्या दारी यायचे आणि तसेच परत जायचे, एवढेच मनात आहे. मग ती गाडी विका म्हणाली तरी विकीन.

काळजी नसावी. ब्रेकचे मी माझ्या पद्धतीने पक्के केले आहे. सौ. वहिनींस नमस्कार. कृपादृष्टी असावी आणि दार उघडे असावे.

आपला नम्र,
शिंपी


२२ मार्च

ती. दादास,
सा. न. आणि त्याखेरीज काही नाही.

गाडी चालू झाली. पहिल्या किकेला. आळीतल्या म्हाताऱ्यासुद्धा खिडकीत आल्या. हे माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत होते आणि माझ्या हातातली बशी गेली, जाड, चांगली होती.

तुला काय वाटतं, मला आत्ता कळलं? मी चौथीत शाळा सोडली, डोकं सोडलं नाही. प्लगपर्यंत फसले, कबूल. लाजणारा प्लग म्हणे. पण परातीत ते डांबर उतरलं आणि तुझं पिवळं तेल मी हातात धरलं, तेव्हाच समजले. आमच्या धुलाईखान्यात यंत्रांचं तेल बदलायला माणूस येतो, तो काय यंत्रं गोंधळवायला येतो? मी तिथेच बसून तुला शिव्या दिल्या. वहिनीला विचार, गुरुवारी दुपारी तुला उचक्या लागल्या असतील.

मग तरी पुढचं का केलंस, असं तू विचारशील. तर सांगते. ते काळं तेल बघितल्यावर ते परत आत ओतायचा माझा हात होईना. दवाखान्याच्या चादरी धुण्यात जन्म गेला माझा. मळलेलं बाहेर काढलं आणि तसंच परत घातलं, असं मी शत्रूच्या उशीच्या अभ्र्याचंही केलेलं नाही. तेल भरलं, तर चेन घाण दिसायला लागली. चेन धुतली, तर चाकाच्या तारा. तारा पुसल्या, तर टाकी. शेवटी आरसे सोड्याने धुतले. बिघडवायला बसले आणि नवरी नटवून उठले.

आता ह्यांना वाटतंय त्यांच्या चोचीच्या डबीने चमत्कार केला. मिस्त्रीच्या दुकानासमोरून दोनदा गाडी ढकलत नेऊन आणली, नुसती दाखवायला. गाडीत जोर आलाय तो वेगळाच. पूर्वी गाडी खिंडीपर्यंत पोचलीच नसती, आता पोचेल. पोचेल आणि मग उतरायची आहे. हे तू केलंस. मी रस्त्याच्या दिशेला कान लावून बसायचं आणि तू तिकडे चहा टाकून वाट बघायची, असं ठरलंय का तुमचं?

आता खरं काय ते लिही, नाहीतर पुढच्या पत्रात मायना सुद्धा घालणार नाही.

मिरी


२७ मार्च

चि. मिरीस,
अनेक आशीर्वाद.

फसवलं, हे खरं. वहिनी चार दिवस मला जेवायला वाढते आणि शेजारी बसत नाही, तेव्हा शिक्षा चालू आहे.

पण मी का फसवलं ते ऐक. दाजी येणार. तू प्लग लपवलास तर दुसरा आणतील, गाडी लपवलीस तर सायकलने येतील. अडवून ठेवलेला माणूस शेवटी सुटतो तेव्हा रागात गाडी हाकतो. लॉरीवर होतो तेव्हा असे किती तरी वळणावळणावर उचललेत. येणारच आहेत तर धड गाडीवर यावेत, एवढाच माझा हिशेब. आणि गाडी धड करायला मिस्त्रीला ते हात लावू देत नाहीत, माझं ऐकत नाहीत. उरलीस तू. सरळ सांगितलं असतं तर तू हात लावला असतास का?

आता थट्टा बाजूला. दाजींचं मला पत्र आलंय. त्यात एक ओळ आहे, ब्रेकचं मी माझ्या पद्धतीने पक्कं केलंय. मिरे, ही ओळ वाचल्यापासून मला चैन नाही. ब्रेक कुणाच्याही पद्धतीने पक्का करायचा नसतो, तो ब्रेकच्या पद्धतीने करायचा असतो.

हँडलच्या उजव्या बाजूला ब्रेकची लिव्हर आहे. तिच्या मुळाशी वायरवर रबराची टोपी असते, ती मागे सार आणि वायर नीट बघ. पिळाच्या सगळ्या तारा अखंड असल्या पाहिजेत. एक जरी तुटलेली दिसली तरी वायर नवी. जोडायची नाही, गुंडाळायची नाही, कथलाचा डाग द्यायचा नाही. पाहून लगेच लिही. ह्या वेळी मी जे सांगतोय त्याच्या उलट काही नाही.

वहिनी म्हणते, तिच्या वतीने तुझी माफी मी मागावी. मागितली. राग असला तरी जीव असू दे.

तुझा,
दादा


४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मायना घातलाय. बस खाली आणि वाच.

गुरुवारी हे शाळेत गेले आणि मी टोपी मागे सारली. आधी मला कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू. वायरवर मेणाचा दोरा, काजाचा टाका. एकाला एक लागून, एक सुद्धा वर खाली नाही. कोटाच्या काजाला घालतात तस्सा. ह्यांचा टाका मी हजारांत ओळखते, माझ्या अंगावरचं सगळं त्याच टाक्याचं आहे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण काय बघतोय.

नखाने टाका उसवला. वरचा दोरा निळा, नवा. शाळेचे निळे गणवेश सध्या चालू आहेत. त्याच्या खाली दुसरा दोरा निघाला, करडा. तो ताणून ताणून पिंजारलेला, मधोमध तुटलेला. मागच्या वर्षी ह्यांच्याकडे बँकेच्या रखवालदारांचे करडे कोट होते. आणि त्या दोऱ्याच्या आत वायर म्हणून जी काय होती, तिच्या तीन-चार तारा. बाकीच्या कधीच्या तुटलेल्या.

म्हणजे मागच्या वर्षी उतारावर जो सुटला तो करडा. आणि खिंड उतरायला निघाले होते ते निळ्यावर.

मी तिथेच चादरीवर बसून राहिले. रडले नाही, पण ओतलेला चहा प्यायचा विसरले. दादा, मी वर्षभर ह्यांच्या वयाला बोल लावत होते. गुडघे, डोळे, झोप, सगळ्याला. आणि हात तर त्यांचे अजून असे की लोखंडाला काज करतात. वय नव्हतं ते, अक्कल नव्हती.

मग उठले आणि मिस्त्रीकडे गेले. तो पण एक नमुना. म्हणाला, वायर देतो, पण आधी तुमच्या घरून माझ्या पँटीचं काय ते बघा. तीच पँट, अजून ठेवलीय, पुरावा म्हणून खुंटीला. मी उलटी करून पाहिली तर आत दोन बोटं कापड दुमडलेलं. वाढवता यावी म्हणून ह्यांनी आधीच सोडलेलं. मिस्त्रीने नीट विचारलं असतं तर ह्यांनी तेव्हाच उसवून दिलं असतं, आणि ह्यांनी तोंड उघडलं असतं तर मिस्त्रीने गाडी बघितली असती. दोन बाप्ये, दोन बोटं कापडासाठी बोलत नाहीत, आणि मधल्या मधे माझा नवरा खड्ड्यात. तिथेच सुई मागितली, त्याच्या बाकावर बसून पँट वाढवून दिली. त्याने वायर दिली आणि दुसऱ्या एका गाडीवर बसवून दाखवली, दोनदा.

घरी येऊन मी बसवली. बसली. पण ती शिकाऊ हाताची वायर. तिच्यावर नवरा कसा बसवायचा? म्हणून आधी मी बसले.

ओरडू नकोस, तू ओरडलास तरी इथे ऐकू येत नाही. धुलाईखान्याच्या मागे उतार आहे, खाली चादरी वाळत घालायच्या दोऱ्या. गाडी तिथवर ढकलत नेली. पहिल्यांदा इंजिन बंद ठेवून नुसती सोडली आणि ब्रेक दाबला. इतका दाबला की गाडी थांबली आणि मी टाकीवर गेले. दुसऱ्यांदा हळू दाबला. तिसऱ्यांदा किक मारली. सगळा धुलाईखाना बाहेर. आमच्या मुकादमीणबाई ओरडल्या की पडायचं तर पड, पण धुतलेल्या चादरींवर पडू नकोस. पाचव्या खेपेला मी चादरींच्या हातभर अलीकडे अशी उभी केली की दोरीवरचा एक चिमटा हलला नाही. मला आवडलं, दादा. हे तुला सांगणार नव्हते.

जुनी वायर टाकली नाही. ह्यांच्या दुकानात काचेची पेटी आहे ना, तिच्यात कॉलर, काज, खिसे असे नमुने मांडलेले असतात. शुक्रवारी पहाटे जाऊन मधोमध ती वायर ठेवली, दोऱ्यासकट. खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी: नमुना. काजाचा टाका. उतारावर टिकत नाही.

  संध्याकाळी हे घरी आले, हात धुतले, कोरडे केले, परत धुतले. मग बसले आणि म्हणाले, “कुत्रं नव्हतं.”

मी म्हटलं, माहीत आहे, त्याचा रंग ठरत नव्हता.

मग विचारलं, नवी वायर कुणी घातली. मी. तपासली कुणी. मी. हे उठले आणि माझ्यावर असे ओरडले म्हणून सांगू, लग्न झाल्यापासून ओरडले नसतील. डोकं फिरलंय का, पडली असतीस म्हणजे, मी काय करायचं होतं मग? मी पूर्ण ओरडू दिलं. संपल्यावर म्हटलं, हेच मी वर्षभर विचारतेय, तुम्ही फक्त आवाज चढवून विचारलंत.

त्यावर मग म्हणाले जात नाही, विकू गाडी. आणि जाऊन स्टुलावर बसले.

आता बघ माझं नशीब. ज्यासाठी पहिलं पत्र लिहिलं ते अलगद पदरात पडलं, आणि मला नको झालं. त्या स्टुलावर असे बसले होते, जसा काही कुणी बेतून उरलेला तुकडा टाकून दिलाय. मला बघवेना. मी म्हटलं, जायचं. सगळ्यांना सांगितलंय ना पहिली गाडी आपली? मग जायचं. पण गाडी आधी मिस्त्री बघणार आणि मागे मी बसणार. म्हणाले, एकट्याने जायचं ठरलं होतं. मी म्हटलं, मी बोलणार नाही म्हणजे एकट्यानेच झालं. ह्यावर हसले. माझ्या न बोलण्यावर ह्या घरात कुणाचा विश्वास नाही.

रस्ता तेरा-चौदा तारखेला उघडेल म्हणतात. वहिनीला सांग, दोघं येतोय. तुझ्यावरचा राग तोंडीच काढायचाय, म्हणून लोभ तेवढा शिल्लक ठेवलाय.

मिरी


१९ एप्रिल

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

घरी पोचलो. सुखरूप. पोचल्याचं पत्र टाक म्हणाली होतीस म्हणून टाकतेय, तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव, पण सावकाश आणि मोठ्याने.

येताना तुमच्या दारात गाडी ह्यांनी उभी केली, ती कशी, तर राजासारखी, ते तू बघितलंसच. परत जाताना काय झालं ते ऐक. खिंडीच्या माथ्यापर्यंत उत्तम. मी बोलले नाही, म्हणजे फक्त वळणं आली की बोलले. उतार सुरू झाला आणि तिसऱ्या का चौथ्या वळणावर एक लॉरी आडवी. ड्रायव्हर खाली उतरून चाकाखाली दगड लावतोय, आणि रस्ता ओला. ह्यांनी ब्रेक दाबला. वहिनी, माझे डोळे मिटलेले होते, पण कानाला कळलं. गाडी थांबली. उघडून बघते तर लॉरीचा मागचा दिवा माझ्या नवऱ्याच्या नाकासमोर.

हे मग उतरले, उजवा हात उघडला, मिटला, परत उघडला. म्हणाले, हात ऐकत नाही, तू घे.

कुणी नव्हतं तिथे ऐकायला, लॉरीवाला सोडून. तरी त्यांनी म्हटलं. मी मग पुढे बसले.

उरलेली खिंड मी उतरवली. सगळी पहिल्या गिअरमध्ये. मला दुसरा माहीतच नाही, चादरींच्या उतारावर त्याची गरज पडली नव्हती. मागे मोटारींची रांग, ती म्हणे पार माथ्यापर्यंत. भोंगे तर असे की लग्नाची वरात. आणि आमचे हे मागे बसून, मान वळवून, एकेकाला हाताने पुढे काढतायत, जा म्हणून, पोलीस असल्यासारखे. एक जण काच खाली करून ओरडला, आजोबा, गाडी चालवायला बाई ठेवलीय का? तर हे म्हणाले, ठेवलीय कुठली, तीच मला ठेवून घेते. मी पुढे बघत होते म्हणून बरं, नाहीतर गाडी तिथेच गेली असती.

आता आमचं असं ठरलंय. चढ त्यांचा, उतार माझा. पाने माझ्या हातात, चोचीची डबी फक्त शिलाईयंत्राला. दुरुस्तीला अडलं तर मिस्त्री. तो काल आला होता, नवी पँट शिवायला टाकून गेला. दोघं माप घेताना असे खुसूखुसू हसत होते, मीच दार लावून घेतलं.

आणि आज काय झालं ते तुलाच सांगते, दादाला नको. मी कामावरून घरी आले तर हे टेप घेऊन उभे. म्हणे गाडीवर वाऱ्याने बाधतं, तुला जाड कापडाचं जाकीट शिवतो, दोन्ही बाजूंना खिसे, एकात पाना मावेल असा. मी म्हटलं, माझी मापं तुम्हाला पाठ आहेत, अंदाजाने बेता. नाही म्हणाले, गाडीवर बसायचं कापड अंदाजाने बेतत नाहीत. आणि मापं घ्यायला लागले. खांद्याला टेप लावली, मोजलं, पुसलं, परत मोजलं. पाठीचं मोजलं. हाताचं मोजलं, कोपर वाकवायला लावून. वहिनी, गॅसवर दूध होतं. ते उतू जाताना मला दिसत होतं. मी हलले नाही.

दादाला म्हणावं, पुढच्या थंडीत त्याच्या गाडीचं काही बिघडवायचं असेल तर मला कळव, रीत मला आता पाठ आहे. आमच्यावर लोभ आहे तो वाढवा. कमी केलात तर विचारायला मी स्वतः येईन, पहिल्या गिअरमध्ये.

तुझी,
मिरी